धक्के पचविणारे तेल

खडबडीत रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीच्या मागच्या बाकावर बसलेल्या उतारूला धक्का म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु तो धक्का शेवटी जातो कोठे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. चाक खड्ड्यात आदळले की त्या आदळण्यातील ऊर्जा कोठे तरी जावयास हवी. कारण ऊर्जा नाहीशी होत नाही, ती केवळ रूप पालटते, हा पदार्थविज्ञानाचा मूलभूत नियम आहे. गाडीखालची स्प्रिंग ही ऊर्जा क्षणभर आपल्यापाशी ठेवून घेते आणि लगेच परत करते. तिचा व्यवहार चोख असतो; घेतले तेवढे ती जवळजवळ सारे परत देते. म्हणूनच नुसत्या स्प्रिंगांवर बसविलेली गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ खालीवर डोलत राहील. हे डोलणे थांबवावयाचे, तर ती ऊर्जा घेऊन परत न करणारा कोणी तरी हवा. स्प्रिंगेशेजारी बसविलेले तेलाचे नळकांडे हे काम करते. व्यवहारात त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात. शास्त्रीय भाषेत त्याचे नाव संदमक. त्यातील दट्ट्या खालीवर होताना तेलाला अरुंद छिद्रांतून वाट काढावी लागते, घर्षण होते, तेल तापते आणि खड्ड्याचा धक्का उष्णतेच्या रूपाने हवेत निघून जातो.

ही योजना साधी व उपयुक्त आहे; परंतु तिच्यात एक जुनी अडचण आहे. नळकांड्यात पातळ तेल घातले, तर बारीकसारीक खडीवरून गाडी सुखाने जाते, पण मोठ्या खड्ड्यानंतर ती झोकांड्या खाऊ लागते. दाट तेल घातले, तर झोकांड्या थांबतात, पण मग वाटेवरचा प्रत्येक खडा थेट हाडांपर्यंत जाणवतो. कारखानदार या दोहोंच्या मध्ये कोठे तरी तडजोड करतो आणि ती तडजोड नळकांड्यात कायमची बंद होते. रस्ता बदलतो, ओझे बदलते, वेग बदलतो. तेल मात्र तेच राहते. हीच अडचण वाऱ्याने थरथरणाऱ्या पुलाची आहे, भूकंपात हलणाऱ्या इमारतीची आहे, आणि कृत्रिम पायाने जिना उतरणाऱ्या माणसाचीही आहे. या सर्वांना हवे आहे ते असे तेल, की जे ज्या क्षणी पाहिजे त्या क्षणी दाट आणि पुढच्याच क्षणी पुन्हा पातळ होईल.

असे तेल ही कविकल्पना नव्हे. ते सिद्ध झाल्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेत जेकब रॅबिनो नावाचे एक इंजिनियर काम करीत होते. युक्रेनमधील खारकीव्ह येथे १९१० साली जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेले हे गृहस्थ असामान्य कल्पक होते. त्यांच्या नावावर पुढे दोनशे तीस अमेरिकन पेटंटे नोंदली गेली. १९४७-४८ च्या सुमारास त्यांनी दोन फिरत्या तबकड्यांच्या मधल्या फटीत तेल व लोखंडाची बारीक भुकटी यांचे मिश्रण भरले आणि त्यावर चुंबकीय क्षेत्र लावले. क्षेत्र नसताना तबकड्या एकमेकींपासून मोकळ्या फिरत; क्षेत्र लावताच मधले मिश्रण घट्ट होऊन दोन्ही तबकड्या जणू एकच असल्याप्रमाणे फिरू लागत. त्यांनी हा चुंबकी क्लच म्हणून जगापुढे मांडला. जवळजवळ त्याच काळात विलिस विन्स्लो या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाने विजेच्या क्षेत्राने घट्ट होणाऱ्या द्रवाचे पेटंट १९४७ साली मिळविले आणि १९४९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. अशा रीतीने आज ज्यांना ‘स्मार्ट’ द्रव म्हटले जाते, त्यांच्या दोन मुख्य शाखा एकाच सुमारास जन्मास आल्या.

या तेलात घडते ते असे. साध्या किंवा कृत्रिम तेलात शुद्ध लोखंडाचे गोलसर कण मिसळलेले असतात. त्यांचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंत असतो, आणि मिश्रणाच्या आकारमानाचा वीस ते चाळीस टक्के भाग त्यांनीच व्यापलेला असतो. एरवी हे कण तेलात सुटे व बेशिस्त तरंगत असतात, आणि मिश्रण पातळ रंगासारखे वाहते. चुंबकीय क्षेत्र लागताच प्रत्येक कण स्वतः एक चिमुकला चुंबक बनतो. एकाचे उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकास चिकटते, आणि क्षेत्राच्या दिशेने कणांच्या असंख्य साखळ्या उभ्या राहतात. आता द्रवाला वाहावयाचे तर या साखळ्या तोडूनच वाहावे लागते. क्षेत्र काढले की साखळ्या विरतात आणि मिश्रण पुन्हा पूर्ववत पातळ होते. हा सारा पालट सेकंदाच्या काही सहस्रांशांत घडतो. पापणी लवण्यास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

साखळ्या तोडण्यास लागणारे बल मोठे असते. चांगल्या चुंबकी तेलात ते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्ध्या ते एक किलोग्रॅम वजनाइतके भरते. विजेने घट्ट होणाऱ्या द्रवात हेच बल त्याच्या विसाव्या भागाच्या आसपास राहते, आणि त्यासाठी हजारो व्होल्टांचा दाब लागतो. उलट चुंबकी तेलासाठी तारेच्या वेटोळ्यातून एक-दोन अँपियर प्रवाह पुरतो. तो मोटारीची साधी बॅटरीही देऊ शकते. या एका फरकाने पुढील काळात दोन्ही शाखांचे भवितव्य पुष्कळसे ठरविले.

या कुटुंबात आणखी एक नातलग आहे. त्याचा अनुभव स्वयंपाकघरातही घेता येतो. मक्याचे बारीक पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, थोड्या पाण्यात कालवून त्यात बोट हळूच बुडविले तर ते सहज आत जाते. पण त्यावर मूठ आपटली तर मिश्रण क्षणभर दगडासारखे कठीण होते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात नॉर्मन वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा द्रव घेतला आणि लष्करी प्रयोगशाळेच्या सहकार्याने तो केव्हलार कापडात भिनवून आघात सोसणारे वस्त्र सिद्ध केले. या द्रवाला विजेची वा चुंबकाची गरज नाही. मात्र त्याला आज्ञाही देता येत नाही. आघाताच्या वेगाप्रमाणे तो आपला आपणच वागतो. चुंबकी तेलाचे वैशिष्ट्य नेमके येथेच आहे: ते केव्हा व किती घट्ट व्हावे, हे बाहेरून सांगता येते.

श्रोत्यांच्या मनात साहजिकच शंका येईल, की इतका उपयुक्त पदार्थ १९४८ सालीच हाती आला होता, तर तो पुढे चाळीस वर्षे अडगळीत का पडून राहिला? याचे पहिले कारण त्या तेलाच्या स्वभावातच आहे. लोखंड तेलाहून आठपट जड. डबा काही दिवस हलविला नाही की कण तळाशी बसतात आणि त्यांचा थर जमतो. कण फारच बारीक केले तर ते खाली बसत नाहीत, हे खरे. १९६३ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत स्टीव्ह पॅपेल यांनी असा चुंबकी द्रव तयारही केला. परंतु इतक्या सूक्ष्म कणांना उष्णतेची हालचालच एकत्र टिकू देत नाही, आणि तो द्रव चुंबकाकडे ओढला जात असला तरी घट्ट होत नाही. म्हणजे बळकट साखळी हवी तर मोठा कण हवा, आणि मोठा कण म्हटला की तो बसणारच. दुसरे कारण झिजेचे. लोखंडाची भुकटी यंत्रातील सांध्यांना व रबरी कड्यांना कानशीप्रमाणे घासते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. घट्ट-पातळ होणारे तेल हाती असून भागत नाही; ते कोणत्या क्षणी घट्ट करावयाचे, हे ठरविणारा कोणी तरी हवा. धक्का सेकंदाच्या अंशात येतो व जातो. तेवढ्या अवधीत मोजमाप करून निर्णय देणारे स्वस्त व लहान यंत्र १९४८ साली अस्तित्वातच नव्हते.

हा निर्णय कोणत्या नियमाने घ्यावा, याचा मार्ग १९७४ साली डीन कार्नॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निबंधात दाखविला. त्यांची कल्पना मोठी मनोरंजक आहे. समजा, गाडीचा सांगाडा रस्त्याशी न जोडता आभाळात ठोकलेल्या एखाद्या आकड्याला संदमकाने जोडता आला, तर खाली चाके कितीही उडोत, वर बसलेला उतारू शांत राहील. आभाळात आकडा ठोकता येत नाही, हे उघड आहे. परंतु गाडीखालचा साधा संदमक ज्या क्षणी त्या काल्पनिक संदमकाप्रमाणेच बल लावीत असेल त्या क्षणी त्याला घट्ट करावे, आणि ज्या क्षणी तो उलट काम करीत असेल त्या क्षणी मोकळा सोडावा, म्हणजे बरेचसे तेच फळ मिळते. पुढे सूक्ष्म संगणक स्वस्त झाले आणि हा कागदावरचा नियम यंत्रात उतरविणे शक्य झाले.

तेलाच्या दोषांवरही १९९० नंतरच्या दशकात नेटाने काम झाले. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील लॉर्ड कॉर्पोरेशन या संस्थेत डेव्हिड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले, की कण तळाशी बसले तरी ते सहज पुन्हा मिसळत असतील तर बिघडत नाही. दट्ट्याचे दोन-चार फेरेच तेल ढवळून काढतात. खरा शत्रू निराळाच होता. लाखो वेळा दाब सोसल्यानंतर कणांच्या पृष्ठावरचा ठिसूळ थर झडून त्याचा अतिसूक्ष्म चुरा तेलात मिसळतो आणि तेल हळूहळू मलमासारखे दाट होत जाते. हा दोष आटोक्यात आल्यावरच हे तेल प्रयोगशाळेच्या बाहेर पडले. १९९५ मध्ये ते व्यायामाच्या यंत्रातील ब्रेकमध्ये आणि १९९८ मध्ये मालमोटारींच्या चालकांच्या आसनाखाली बसविले गेले. दिवसाचे आठ-दहा तास हादरे खाणाऱ्या चालकाच्या पाठीच्या कण्याचा विचार केला, तर हा उपयोग साधा असला तरी लहान नाही. २००२ मध्ये डेल्फाय कंपनीचे असे संदमक कॅडिलॅक मोटारीत आले, आणि मग इतर महागड्या गाड्यांतही त्यांचा प्रवेश झाला.

मोटारीतील सुखापेक्षा माणसाच्या चालण्यातील भरवसा अधिक मोलाचा. मांडीपासून पाय गमावलेल्या मनुष्यास कृत्रिम गुडघा लावला जातो. चालताना या गुडघ्याकडून परस्परविरुद्ध दोन अपेक्षा असतात. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना त्याने शरीराचा भार घेऊन ठाम राहिले पाहिजे, आणि पाऊल उचलताच सैल होऊन पुढे झुलले पाहिजे. ठाम राहण्याच्या क्षणी तो वाकला, तर मनुष्य कोसळतो. म्हणून असा पाय वापरणाऱ्याचे अर्धे लक्ष सदैव पायाकडे असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे ह्यू हर यांनी या प्रश्नात हात घातला. १९८२ साली गिर्यारोहणात हिमदंश होऊन त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले होते. त्यांचे स्वतःचे गुडघे शाबूत राहिले, पण परावलंबी पावलाची भीती त्यांना ठाऊक होती. त्यांच्या संशोधनातून पुढे आलेला आणि आइसलँडच्या ओसूर कंपनीने २००५ च्या सुमारास बाजारात आणलेला गुडघा चुंबकी तेलावर चालतो. पातळ पात्यांच्या चळतीत हे तेल भरलेले असते. कोन व भार यांची मोजणी सेकंदाला सुमारे हजार वेळा होते, आणि प्रत्येक पावलागणिक तेल आवळले वा सैल केले जाते. चालणारा वेग बदलो वा उतार लागो, गुडघा त्याच्याशी जुळवून घेतो.

मोठ्या बांधकामांकडे वळल्यास चीनमधील हूनान प्रांतात युएयांग येथील तुंगतिंग सरोवरावरच्या पुलाचे उदाहरण बोलके आहे. पणजीजवळ मांडवीवर २०१९ साली खुला झालेला अटल सेतू किंवा मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू ज्यांनी पाहिला असेल, त्यांना अशा पुलाची रचना सहज ध्यानात येईल: उंच मनोऱ्यांपासून तिरप्या निघालेल्या पोलादी दोरांनी रस्ता तोललेला असतो. या दोरांना एक चमत्कारिक व्याधी जडते. नुसत्या वाऱ्यात किंवा नुसत्या पावसात ते शांत असतात; पण मध्यम वारा व पाऊस एकत्र आले, की दोरावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेने त्याचा आकार किंचित पालटतो आणि वारा त्याला जोराने हलवू लागतो. १९८० च्या दशकात जपानमधील मेइको-निशी पुलावर या व्याधीचे प्रथम नीट निदान झाले. तुंगतिंगच्या पुलावर तीच व्याधी दिसल्यावर २००२ साली त्याच्या १५६ दोरांना प्रत्येकी दोन याप्रमाणे ३१२ चुंबकी संदमक बसविण्यात आले. असे दोर वर्षानुवर्षे थरथरत राहिले, तर त्यांच्या टोकांशी धातू थकतो व त्याला तडे जातात. म्हणून हा उपाय केवळ पाहणाऱ्याच्या समाधानासाठी नव्हता.

भूकंपाच्या बाबतीत या तेलाचा सर्वांत मोठा गुण प्रकट होतो. १९८९ साली टोकियोतील क्योबाशी सैवा या अकरा मजली इमारतीवर यंत्राने हलविली जाणारी वजने बसविण्यात आली. इमारत एकीकडे झुकू लागली की यंत्राने विरुद्ध दिशेने जोर लावावा, ही त्यामागील कल्पना. ती धाडसाची होती. परंतु असा जोर लावण्यास बाहेरून पुष्कळ शक्ती लागते, आणि मोठ्या भूकंपात वीज प्रथम जाते. शिवाय बाहेरून जोर लावणाऱ्या यंत्राचा हिशेब चुकला, तर ते इमारतीला सावरण्याऐवजी अधिकच हलवील. चुंबकी संदमकाला असा जोर लावताच येत नाही. तो फक्त अडवू शकतो. हालचालीतील ऊर्जा काढून घेऊ शकतो, नवी घालू शकत नाही. वीस टन बलाचा संदमक चालविण्यास अवघी वीस ते पन्नास वॅट वीज पुरते, आणि तीही बॅटरीतून घेता येते. बॅटरीही निकामी झाली, तर तो निरुपयोगी होत नाही. साध्या तेलाच्या नळकांड्याप्रमाणे कमी-अधिक काम करीतच राहतो. २००१ मध्ये टोकियोत उघडलेल्या नवविज्ञान व नवोपक्रम राष्ट्रीय संग्रहालयात तिसऱ्या व पाचव्या मजल्यांच्या दरम्यान तीस-तीस टनांचे असे दोन संदमक बसविले गेले.

एवढे वर्णन ऐकून हे तेल म्हणजे सर्व आपत्तींवरील रामबाण, असा समज होणे इष्ट नाही. ते महाग आहे, जड आहे, आणि फार तापले की त्याचे गुण पालटतात. त्याहून महत्त्वाची मर्यादा अशी, की ते ज्या घरात बसवावयाचे ते घर मुळात उभे राहण्याजोगे असले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे दगावली, ती जाड दगडमातीच्या भिंती व वरचे जड धाबे अंगावर कोसळल्यामुळे. २००१ च्या जानेवारीत कच्छच्या भूकंपाने दूरच्या अहमदाबादेतील काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही पाडल्या. अशा घरांना हवी होती ती साधी काळजी: भिंतीत आरपार जाणारे दगड, चहूबाजूंनी घर बांधून ठेवणारे पट्टे, आणि खांब व तुळया यांच्या जोडावर जवळजवळ घातलेल्या पोलादी कड्या. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे. पोलादाची कांब वाकते तेव्हा तीही भूकंपाची ऊर्जा पोटात घेऊन तिची उष्णता करते. ती तुटण्यापूर्वी पुरेशी वाकली, तर आतील माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. गरिबाच्या घराचा संदमक तोच होय. तो बसविण्यास संगणक लागत नाही. गवंड्याचे ज्ञान आणि बांधणाऱ्याची सचोटी लागते.

या द्रवांना ‘स्मार्ट’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः तेलाला व लोखंडाला कसलीही बुद्धी नाही. रॅबिनो यांनी भुकटी तेलात कालविली, तेव्हा तिचे गुण आजच्यासारखेच होते. त्या मिश्रणाला उपयोगी आणण्यासाठी झीज ओळखणारा रसायनज्ञ, आभाळात आकडा कल्पिणारा गणिती, सूक्ष्म संगणक घडविणारा तंत्रज्ञ आणि पाय गमावलेल्या माणसाची गरज जाणणारा संशोधक यांनी निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या काळी काम करावे लागले. भूकंप, वारा व खड्डे यांचे धक्के थोपविणे कोणाच्या हाती नाही. परंतु आलेला धक्का कोठे न्यावयाचा व कोठे जिरवावयाचा, हे ठरविणे मोठ्या अंशी शक्य झाले आहे. जिना उतरणारा एखादा मनुष्य आपल्या कृत्रिम पायाकडे न पाहता शेजारच्याशी बोलत उतरत असेल, तर या दीर्घ परिश्रमाचे चीज झाले असेच म्हणावे लागेल.